कांडीच्या मुठीची हत्यारे

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकण वाकलेले, रंग उडालेला. त्यात अकरा हत्यारे आहेत आणि त्यातले सर्वांत मोठे माझ्या मधल्या बोटाहून लांब नाही. हॅक्सॉच्या मोडक्या पात्याच्या तुकड्यांना धार लावून केलेल्या तीन पटाश्या. झिजलेल्या कानशीची केलेली एक तासणी. सायकलच्या आऱ्याची दोन टोचणी. छत्रीच्या काडीची केलेली दोन गोल तोंडाची कोरणी. लाकडाच्या ठोकळ्यात पाते बसवलेला, काडेपेटीएवढा रंधा. बाकी दोन हत्यारांचे नाव मला आजही माहीत नाही. ज्याने केली त्याने नाव ठेवले नव्हते. पटाश्यांच्या, टोचण्यांच्या आणि कोरण्यांच्या मुठी मात्र एकाच वस्तूच्या आहेत : गिरणीतून फेकून दिलेल्या तुटक्या कांड्यांच्या. ज्या कांडीवर बाण्याचे सूत गुंडाळतात, तिला मधोमध लांब भोक असते. त्या भोकात लोखंडाचे शेपूट ठोकून बसवले, वर थोडी लाख ओतली की मूठ तयार. वेगळे भोक पाडायची गरज नाही.

ही हत्यारे माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. सोलापूरच्या एका कापड गिरणीत ते कापूस खात्यात कामाला होते आणि आम्ही बुधवार पेठेत राहत होतो. भोंगा झाला की घर जागे व्हायचे, भोंगा झाला की जेवायचे. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यापासून या शहराचे घड्याळ तेच होते. आता भोंगे नाहीत, त्या गिरण्याही नाहीत. डबा आहे.

अशा घरगुती वस्तूवर या अंकात जागा का अडवावी, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे, की आपल्या चळवळीच्या इतिहासात तळे आले, देऊळ आले, शाळेतले पाण्याचे मडके आले. १९२७चे महाड आपण मुखोद्गत करतो, १९३०चे काळाराम मंदिर मुलांना शिकवतो. पण हत्यार आले नाही. पाण्याला शिवायची बंदी जितकी खरी होती तितकीच दुसऱ्याच्या हत्याराला शिवायची बंदी खरी होती, आणि पोटाच्या हिशेबाने पाहिले तर दुसरी बंदी जास्त दिवस टिकली. पाणी माणूस कुठून तरी आणतो. कसब कुठून आणणार?

आधी शब्दाकडे पाहू. कारागीर आपल्या साधनाला हत्यार म्हणतो. सरकारी कागद त्याला अवजार म्हणतो. मराठीत हत्यार म्हणजे सुताराची पटाशी आणि हत्यार म्हणजे खून करायचा सुराही. या दुहेरी अर्थाचा फटका कुणाला बसतो, ते पुढे सांगतो.

गावगाड्यात सुतार आणि महार हे दोघेही थोरल्या ओळीचे बलुतेदार होते. खळ्यावर दोघांचाही वाटा ठरलेला. हे सांगून गावगाड्याची थोरवी गाणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखनात खळे फार सुंदर दिसते. पण सुताराच्या वाट्यामागे वाकस होता, करवत होती, रंधा होता. कुळव मोडला तर शेतकरी त्याच्या दारात जाऊन बसे. महाराच्या वाट्यामागे काय होते? हातातली काठी. टपाल पोचवणे, सरकारी माणसामागे धावणे, मेलेले ढोर ओढणे, सरण वाहणे. हे सगळे काम अंगाचे. त्यात कसब साठत नाही. तीस वर्षे रंधा मारणारा सुतार तिसाव्या वर्षी पहिल्या वर्षाहून चांगला कारागीर असतो. तीस वर्षे सांगावा पोचवणारा महार तिसाव्या वर्षी फक्त म्हातारा असतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे बिल आणले ते उगाच नव्हे. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अस्पृश्यांजवळ हत्यारे नव्हती असे मी म्हणत नाही. चांभाराची रांपी आणि आरी, ढोराची कातडे खरवडायची सुरी, मांगाची दोर वळायची साधने : ही सगळी बारीक कामाची आणि पिढ्यान्‌पिढ्या घासून नेमकी झालेली हत्यारे आहेत. रांपीने चामड्याची कड पातळ करणारा हात लाकडावर पटाशी चालवायला आठ दिवसांत तयार होईल. अडचण हाताची नव्हती. अडचण एका हत्याराकडून दुसऱ्या हत्याराकडे जायची होती. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला, की जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि धंदा बदलायला ती मोकळीक देत नाही म्हणून बेकारी पोसते. लोक हा विचार सभेत सांगतात. मला तो डब्यात दिसतो.

आता धोट्याकडे येतो. सोलापुरात राहून धोट्यावर लिहिले नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असलेली लाकडाची लहान नाव. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने तो दोरीच्या झटक्याने पळवायची युक्ती काढली आणि तेव्हापासून मागाचा वेग वाढत गेला. धोट्याच्या पोटात कांडी असते. कांडीवरचे सूत धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे डोळ्यातून, बाहेर यावे लागते. कांडी काही मिनिटांत संपते. नवी घातली की दोरा पुन्हा डोळ्यातून काढायचा. याची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे डोळ्याला ओठ लावून श्वास आत ओढायचा. दोरा सूतकणांसह तोंडात येतो. लँकेशायरात याला धोट्याचे चुंबन म्हणत. दोन-चार माग सांभाळणारा कामगार दिवसातून शेकडो वेळा हे करी, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे.

आणि येथेच गिरणीत गावगाडा शिरला. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला सूत खात्यात घेत, पण विणाई खात्यात, जेथे मजुरी जास्त, तेथे घेत नसत. कारण हेच, की दोऱ्याला तोंड लागते, उष्टे होते, विटाळ होतो. लाल झेंड्याखाली एकत्र उभे राहणारे सवर्ण कामगारही या एका बाबतीत धर्मनिष्ठ होते. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे लावून धरला. १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, तेव्हाही हे विणाई खात्याचे उदाहरण होते, आणि रेल्वेत आयुष्यभर गँगमनच राहणाऱ्या आपल्या माणसांचेही.

मला यात एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. डोळ्यातून दोरा काढायला तोंडच लागते असे नाही. बारीक तारेचा आकडा पुरतो. आबांच्या डब्यातली एक टोचणी तशीच आहे. सायकलच्या आऱ्याचे टोक गरम करून चपटे केले आणि त्याला सुईएवढी खाच पाडली. ज्यात दोरा खाचेतून सरकवता येतो असे धोटेही निघाले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने ओढायच्या धोट्यांविरुद्ध कायदा केला, तो कामगारांच्या आरोग्यासाठी. म्हणजे जो विटाळ धर्माने अटळ ठरवला होता तो दोन पैशांच्या तारेने मिटण्यासारखा होता. मालकाला आकडा परवडत नव्हता असे कुणी म्हणू नये. आकड्याला वेळ जास्त लागतो, ओठ जलद, हे मालकाचे कारण. आणि सवर्ण कामगाराचे कारण असे, की आकडा आला असता तर विटाळाची सबब गेली असती आणि बरी मजुरीची जागा वाटून घ्यावी लागली असती. दोघांच्या सोयीचा धर्म होता तो.

आबा विणाई खात्यात कधीच नव्हते. पण धोटे त्यांच्या हातात यायचे, ते घरी. पूर्व भागातल्या हातमागवाल्यांचे धोटे चिरत, कडा उडत. उडालेली कड ताण्याच्या दोऱ्यांना लागली की दोरे तटातट तुटतात आणि जोडता जोडता दिवस जातो. मोठ्या सुताराला असले काम परवडत नाही. त्याची पटाशी धोट्याच्या पोटात वळत नाही. आबांनी हे हेरले. बोटाएवढ्या पटाशीने ते चिरलेला भाग काढत, त्यात पाचर बसवत, काचेच्या तुकड्याने खरवडत, पॉलिश कागदाने घासत आणि शेवटी मेण चोळत. हाताला नव्हे, गालाला धोटा लावून पाहत. ‘गालाला कळतं, बोटाला कळत न्हाई,’ असे म्हणत. बोटांना घट्टे पडलेले असतात, हे त्याचे कारण मला पुढे कळले.

हत्यार बनवायची त्यांची रीत सांगतो, कारण ती कुठे लिहिलेली नाही. पाते शेगडीत लाल करायचे आणि राखेत हळूहळू निवू द्यायचे. मऊ झाले की कानशीने आकार द्यायचा. मग पुन्हा लाल करून तेलात बुडवायचे. आता ते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ. म्हणून एक बाजू घासून चकचकीत करायची आणि शेपटाकडून हळूहळू ताव द्यायचा. चकचकीत भागावर रंग सरकत येतो, आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. धारेवर गवती पिवळा आला की थांबायचे. निळ्यावर गेले तर धार टिकत नाही. छत्रीच्या काडीला एवढीही मेहनत नको. सॅम्युअल फॉक्स नावाच्या इंग्रजाने १८५२ साली पन्हळीच्या आकाराची पोलादी काडी काढली. ती तोडून टोक तिरके घासले की आयते कोरणे. पावसाळा संपला की आबा उकिरड्यावर छत्र्या शोधत. आई वैतागे.

एक विणकर नेहमी यायचा. भला माणूस. पैसे वेळेवर देई, आबांच्या कामाचे कौतुक चार ठिकाणी करी, त्यानेच आणखी गिऱ्हाइके आणली. धोटा घेतला की आमच्या दारातल्या बादलीकडे न पाहता तो पिशवीतून बाटली काढी, धोट्याचा डोळा पाण्याने धुई, धोतराच्या सोग्याला पुसे आणि मग तोंड लावून दोरा निघतो का ते पाही. माझ्या देखत हे किती वेळा झाले याचा हिशेब नाही. लहानपणी मला वाटे, लाकडाचा भुसा जावा म्हणून धुतो. भुसा आबा स्वतःच फुंकून, कापडाने पुसून देत. एकदा मी आबांना विचारले. ते म्हणाले, ‘त्याला काम पटतंय, हात पटत न्हाई.’ आणि दुसरा धोटा उचलला. मी त्या माणसाचा राग धरून पुष्कळ वर्षे काढली. आज राग नाही असे म्हणणार नाही, पण रागापेक्षा मला त्या कारागिरीच्या व्यवहाराचे आश्चर्य जास्त वाटते : पाचर आत राहिली, मेण राहिले, आबांच्या गालाचा घाम लाकडात मुरला, तेवढे सगळे चालले. धुतला फक्त डोळा.

१९४७ साली पुण्याच्या गोखले संस्थेने रा. गो. काकडे यांचा सोलापूरच्या विणकर समाजांच्या पाहणीचा ग्रंथ काढला. विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. पण नाव सांगते त्याप्रमाणे तो विणकरांचा आहे. ज्यांच्या हातून माग चालता राहिला, पण जे विणकर नव्हते, त्यांचा ग्रंथ व्हायचा आहे.

हत्याराचा दुसरा अर्थ सोलापुरात तारेच्या कुंपणापलीकडे राहत होता. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्याला लागू झाला आणि सोलापूरला कैकाडी, पारधी, टकारी वगैरेंची सेटलमेंट उभी राहिली. सकाळ-संध्याकाळ हजेरी, गिरणीत काम, रात्री कुंपणात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण एक वर्ष आधीच, १९५१ साली, मुंबई पोलीस कायदा आला होता. त्याच्या १२२व्या कलमाप्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे हत्यार समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडले तर तो गुन्हा. कलम जात पाहत नाही. पटाशी घरफोडीची की सुताराची, हे ठरवणारा माणूस मात्र पाहतो. सुताराच्या पिशवीत पटाशी हे समाधानकारक कारण जन्मतःच आहे. पारध्याच्या पिशवीत तीच पटाशी म्हणजे पुरावा.

आबा पारधी नव्हते, पण १९६७च्या हिवाळ्यात रात्रपाळीहून येताना डबा पिशवीत होता आणि एका चौकीत त्यांना पहाटेपर्यंत बसवून ठेवले. अकरा हत्यारे टेबलावर मांडली. ‘एवढी बारीक कशाला? कुलपं उघडायला?’ आबांनी धोटा दुरुस्त करून दाखवायची तयारी दाखवली. धोटा जवळ नव्हता. शेवटी त्यांनी टेबलाच्या कडेची उडालेली चिपळी तिथल्या तिथे बसवून दिली, तेव्हा सुटले. घरी हे ते हसत सांगत. टेबल फुकट दुरुस्त झाले, एवढेच त्यांना खटकले होते.

मग आपल्या माणसांना हे कसब कुठेच मिळाले नाही काय? मिळाले, पण गावाबाहेरून. अहमदनगर-शिरूरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या औद्योगिक शाळांत ख्रिस्ती झालेली महारांची पोरे सुतारकाम शिकली. धर्म बदलला तेव्हा रंधा हातात आला, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले. जिवाप्पा ऐदाळे ते पाहत आणि नगरपालिका महिना चाळीस रुपये देई. तिथून पोरे पुस्तकाकडे गेली, आणि ते योग्यच झाले. माझे शिक्षण त्याच वाटेने झाले. पण बाबासाहेबांनी पुस्तक आणि हत्यार यांत निवड करायला सांगितले नव्हते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली; सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉपे यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे सांगितले. आपण सुशिक्षितांनी मात्र हाताच्या कामाकडे पाठ फिरवली. त्यात ब्राह्मण्याची नक्कल किती आणि जुन्या सक्तीची भीती किती, हे मला आजवर वेगळे करता आलेले नाही. मी स्वतः चाळीस वर्षांचा होईपर्यंत तो डबा उघडला नव्हता.

भीती खोटी नाही. १९५३ साली मद्रासेत राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांनी आणि द्राविडी चळवळीने रान उठवले, राजाजी गेले आणि १९५४ साली योजनाही गेली. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे, हत्यारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. सुतार आहे, चांभार आहे, झाडू-टोपल्या करणारा आहे, खेळणी करणाराही आहे. गरीब कारागिराला पंधरा हजारांची हत्यारे मिळावीत याला कोण विरोध करील? पण योजनेचा कारागीर हा कुटुंबाच्या परंपरागत धंद्यातला आहे. तमिळनाडूने हीच अट काढा म्हटले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये या स्वरूपात योजना राबवणार नाही असे कळवले. मला आबांचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. धंदा : धोटे दुरुस्ती. कुटुंबाची परंपरा : कापूस खात्यात पिंजलेला कापूस, त्याआधी काठी. सांगावाने फिरणाऱ्या काठीसाठी संच मिळत नाही आणि मिळूही नये. पण ज्याने स्वतःची परंपरा स्वतः सुरू केली त्याचा रकाना कुठल्या फॉर्मवर आहे?

१९५६च्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. आमच्या घरातले देव पुढच्या वर्षी गेले, देव्हारा रिकामा झाला. आबांनी त्याचे सागवान फेकले नाही. देव्हाऱ्याची कमान उतरवली, खांब कापले, आणि याच हत्यारांनी बाबासाहेबांच्या तसबिरीची चौकट केली. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर पिंपळाची पाने आहेत, छत्रीच्या काडीने कोरलेली. एका पानाची शीर चुकलेली आहे, ती त्यांनी तशीच ठेवली. खंडेनवमीला सुतार हत्यारांची पूजा करतात. आबांनी कधी केली नाही. दसऱ्याच्या दिवशी मात्र डबा उघडून प्रत्येक हत्याराला गोडेतेल लावत, दगडावर धार करत आणि नवे कापड गुंडाळत.

मागच्या पावसाळ्यात नातीने डबा मागितला. तिला लाकडाची लहान घरे करायची आहेत. बाजारात आता असल्या बारीक हत्यारांचे परदेशी संच प्लॅस्टिकच्या पेटीत मिळतात; तिने एक आणला, पटाशीची धार पहिल्याच दिवशी वळली. मी तिला आबांची दोन नंबरची पटाशी दिली आणि दगडावर पाणी टाकून हाताचा कोन दाखवला. छत्रीच्या काडीचे एक कोरणे मात्र झिजून संपले आहे. नवे करायला जुन्या छत्र्या पाहतो आहे. हल्लीच्या काड्या मऊ पत्र्याच्या असतात, ताव धरत नाहीत. मंगळवार बाजारात एका भंगारवाल्याने दोन जुन्या, लाकडी दांड्याच्या छत्र्या ठेवतो म्हटले आहे.